पुढच्या गावचा भोपळा

विजू, परवा तुझ्या आईने तुझी पिशवी माझ्या हातात दिली. मला वाटलं, आत वह्या असतील, कपडे असतील. पण ती इतकी जड, की मी पुन्हा खाली ठेवली आणि तिथेच उघडली. दोन साड्या, पोस्टकार्डांचा एक गठ्ठा आणि तळाशी टॉवेलात गुंडाळलेला तुझा लाल भोपळा. सातपुड्यातून पाठीवर मारून आणलेला. तुला जाऊन पंधरा दिवस झाले आणि त्याला साधा डागही पडलेला नाही. खरं सांगते, मला त्याचा रागच आला.

तुझी आई म्हणाली, "तेवढा राहिलाय बघ. मला कापता येत नाही आणि हे हात लावत नाहीत." बाईने अख्ख्या भोपळ्याला पहिली सुरी लावायची नाही, पुरुषाने लावायची, हा नियम तुझ्या मुलुंडच्या घरातही आहे हे मला तेव्हा कळलं. आणि तुझे बाबा म्हणे घरातून उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले. पोरीच्या पाठीवरून आलेली वस्तू मी चिरणार नाही, म्हणाले. तेराव्याच्या भाजीला बाजारातून दुसरा भोपळा आणला. तुझा होता तसाच राहिला.

मी तो गोवंडीला घेऊन आले. आता तो आमच्या फळीवर डब्यांच्या रांगेत बसलाय आणि मी समोर वही घेऊन बसलेय. गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना जन्म कुठला, शिक्षण किती, कार्य कोणतं, असं लिहायचं असतं. ते तुझ्या संस्थेतले लोक लिहितील, आणि चांगलं लिहितील. मला फक्त आपलं भांडण पुरं करायचंय. तू ते अर्धवट टाकून गेलीस. अर्धवट टाकून जाण्यावरूनच तर ते होतं.

गिरण्यांच्या संपाच्या वर्षी तू आमच्या गल्लीत पहिल्यांदा आलीस. बावीस वर्षांची, खांद्याला कापडी पिशवी, आणि चपलेचा अंगठा तुटलेला म्हणून पाय घासत चालत होतीस. टी.बी.चं औषध मध्येच सोडलेल्या माणसांची एक यादी तुझ्याकडे होती आणि तिच्यात माझ्या आईचं नाव होतं. मी नुकतीच घाटकोपरच्या म्युनिसिपल शाळेत मास्तरीण म्हणून लागले होते. आमच्या गल्लीतून शिकून नोकरीला लागलेली पहिली मुलगी मी, त्यामुळे नाक जरा वरच होतं. गल्लीत मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की आईला दमा आहे. तू दारात उभी राहून आईचं नाव घेतलंस तशी मी तुला दंडाला धरून आत ओढलं आणि सांगितलं, तो शब्द इथे काढायचा नाही.

तू चिडली नाहीस. उपदेशही केला नाहीस, आणि उपदेश करायला येणारी माणसं आम्ही खूप पाहिली होती. तू फक्त विचारलंस, "मग मी रोज कशाला येते म्हणून सांगू?" तुझी नजर दोरीवर टाकलेल्या गोधडीकडे गेली. "गोधडी शिकायला येते," म्हणालीस. मग मांडी घालून बसलीस, आईने पुढे केलेला पाण्याचा तांब्या वर धरून घटाघटा प्यायलीस आणि सुईत दोरा ओवायला घेतलास.

आणि खरंच शिकलीस की गं. नुसतं निमित्त असतं तर आईने ओळखलं असतं. तुझे टाके इतके वाकडे, की आई संध्याकाळी ते उसवून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा घालायला लावायची. तू टाके घालत तिला गोळ्या खायला लावायचीस, ती गोळ्या खात तुला टाके शिकवायची. वर्षभर गल्लीला पत्ता लागला नाही. मुलुंडची एक शिकलेली पोरगी गोवंडीत गोधडी शिकायला येते, याचंच सगळ्यांना कौतुक. माझी लाज तू वर्षभर झाकून ठेवलीस आणि त्याबद्दल मला एकदाही बोलली नाहीस. हे मी तुला तोंडावर कधी सांगितलं नाही, म्हणून आता सांगते.

पहिल्याच महिन्यात तू भोपळ्याचा पराक्रम केलास. माझे वडील वारल्यापासून घरात अख्खा भोपळा आला, की आम्ही शेजारच्या गावकरकाकांना हाक मारायचो. ते येऊन पहिली सुरी लावायचे, मग आई बाकीचा चिरायची. त्या दिवशी काका घरी नव्हते. आई भोपळा समोर ठेवून वाट बघत बसलेली. तू विळी पुढे ओढलीस आणि खाडकन दोन फाका केल्यास. आईचा चेहरा पांढरा पडला. दोन दिवस ती काय वाईट होतंय याची वाट बघत होती. तिसऱ्या दिवशी माझं नोकरीत कायम झाल्याचं पत्र आलं. आई म्हणाली, "भोपळ्याला कळलं नसंल कुणी कापला त्ये." त्यानंतर आमच्या घरी गावकरकाकांचं ते काम गेलं.

तुझ्या गाठींबद्दल लिहायला पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरून झालं. औषध दीड वर्षाचं. दोन महिन्यांत खोकला थांबतो, अंगाला बाळसं येतं आणि माणूस गोळ्या सोडून देतो. तारखा, कॅलेंडर, कार्ड, यातलं आमच्या बायकांना काही लागू पडत नव्हतं. तू जुन्या लुगड्याच्या काठाची दोरी घेतलीस आणि तिला आठवड्याची एक अशा अठ्ठ्याहत्तर गाठी मारल्यास. आठवडाभर गोळ्या नीट घेतल्या, की रविवारी एक गाठ सोडायची. दोरी सरळ झाली की आजार गेला. हे कुणालाही समजत होतं. आईने ती दोरी पेटीच्या कडीला बांधली. गल्लीत विचारलं तर म्हणायची, लेकीच्या लग्नाचा हिशोब आहे.

आणि मग चौदा एप्रिल आला. जयंतीच्या आदल्या दिवशी आईने पांढरी साडी काढली, निळीत बुडवून वाळत घातली, पेटी पुसली. पुसता पुसता ती दोरी हाताला लागली. तिला वाटलं, उद्या जयंती. उद्याच्या दिवशी आपल्या घरात काही बांधलेलं नको. बसली आणि उरलेल्या सगळ्या गाठी एका बैठकीत सोडल्या. दुसऱ्या दिवशी मिरवणुकीत अशी चालली, की मला तिच्या बरोबरीने चालता येईना. आणि गोळ्यांचा डबा? गाठी संपल्या म्हणजे औषध संपलं. तिचा हिशोब अगदी बरोबर होता. चूक तिची नव्हतीच, आम्ही तिला तोच हिशोब शिकवला होता.

तू तेव्हा कसल्याशा शिबिराला गेली होतीस. महिन्याने परत आलीस तोवर आई पुन्हा खोकायला लागली होती आणि दवाखान्यात सांगितलं होतं, पहिल्यापासून सुरू करा. मी आईवर इतकी ओरडले, की त्या दिवशी गल्लीला आजार कळला. लपवायचं काही राहिलंच नाही. तू मात्र दोरी उचलून आईच्या हातात दिलीस. मग म्हणालीस, "मावशी, चूक माझी आहे. गाठी मी बांधल्या होत्या. आता तुम्ही बांधा."

आईने बांधल्या. अठ्ठ्याहत्तर. दोन दिवस लागले. प्रत्येक गाठ दाताने ओढून अशी घट्ट केली, की सोडताना नख लागावं. त्यानंतर तिने एकही आठवडा चुकवला नाही. आणि आता गुपित उरलंच नव्हतं, म्हणून गल्लीतल्या आणखी सहा घरांच्या दोऱ्या तिने बांधून दिल्या. प्रत्येकीला दम भरायची, चौदा एप्रिलला सोडायच्या न्हाईत म्हणून. माझ्या आईला गल्लीत 'गाठवाली' म्हणायला लागले. माझी लाज कधी गेली ते मला कळलंही नाही.

म्हणूनच मला तुझं जाणं समजलं नाही. आईच्या दोरीला सात गाठी उरल्या होत्या. फक्त सात. आणि तू सांगितलंस की नगरकडे दुष्काळी कामावर बायका खडी फोडतायत, त्यांची पोरं उन्हात पडलेली असतात, त्यांच्यासाठी पाळणाघर काढायचंय, मी निघाले. मी म्हटलं, सात आठवडे थांब. तू म्हणालीस, नको. कारण सांगितलं नाहीस. मी तुला नाही नाही ते बोलले. लोकांना लळा लावायचा आणि कंटाळा आला की दुसरं गाव धरायचं, याला सेवा म्हणत नाहीत, म्हटलं. तू पायाच्या अंगठ्याने जमीन कोरत ऐकत राहिलीस.

निघायच्या दिवशी तू घरोघर गेलीस. मला वाटलं होतं, वह्या, बिस्किटं, काहीतरी वाटशील, निरोप घेताना वाटतात तसं. तू उलटं केलंस. प्रत्येक घरी काहीतरी मागितलंस. कुणाकडे चिमूटभर मसाला, कुणाकडे सुई, कुणाकडे नुसता घोटभर चहा. मी विचारलं, हे काय भिक्षेकऱ्यासारखं? तू म्हणालीस, देऊन गेलं की आपण मोठे होतो, मागून गेलं की घर मोठं होतं. मला तेव्हा ते नाटकी वाटलं होतं.

आमच्या दारात मग जो तमाशा झाला तो आठवला, की मला अजून हसू येतं. गावकरकाकी त्यांच्या गावचा नारळ, मूठभर तांदूळ आणि खण घेऊन आल्या. तुझी ओटी भरायची म्हणून. आई उंबऱ्यातच आडवी आली. आमच्यात हे चालत नाही, माझ्या दारात ओटी भरायची नाही. काकींना ते पटेना. "चेडू रिकाम्या हातान जातला? माका नाय पटाचा," म्हणून त्या तिथेच बसल्या. दोघी वीस वर्षांपासूनच्या शेजारणी, एका नळावर पाणी भरणाऱ्या, आणि आता एकमेकींकडे बघेनात. तू पिशवी घेऊन मध्ये उभी, यार माझी बस जाईल म्हणत. शेवटी आईने काकींच्या ताटातून नुसता नारळ उचलला, तांदूळ-खण तिथेच ठेवला आणि नारळ तुझ्या पिशवीत कोंबला. म्हणाली, "ही वटी न्हाई. ह्यो चटणीला घे."

काकींचं समाधान झालं, आईचं तत्त्व राहिलं आणि तू बस पकडलीस.

तो नारळ तू खाल्ला नाहीस. पंधरा दिवसांनी तुझं कार्ड आलं. नारळ खडीच्या ढिगावर फोडला, मिरची एकीने आणली, मीठ दुसरीने, लसूण मुकादमाच्या बायकोने. त्या आधी एकमेकींच्या हातचं खात नव्हत्या, पण ही गोवंडीची चटणी आहे असं सांगितल्यावर कुणाला काही बोलता येईना. ते कार्ड मी गल्लीत सातदा वाचून दाखवलं. काकी म्हणाल्या, माझ्या गावचा नारळ कुठे पोचला बघा. आईने त्या रविवारी दोन वेळा सांगितलं की मीठ जास्त झालं असणार, विजूला मिठाचा अंदाज नाही.

तिथून निघालीस तेव्हा त्या बायकांकडे नारळ कुठला असणार. एकीने लग्नात आलेली सुक्या खोबऱ्याची वाटी दिली. ती तू सातपुड्यात नेलीस आणि तिथल्या पहिल्या दिवशी कुटून भाकरीवर वाढलीस. म्हणजे एका गावचा निरोप दुसऱ्या गावचा पहिला घास. कुणी हे ठरवलं नव्हतं. माझ्या आईच्या आणि काकींच्या भांडणातून ते निघालं होतं आणि तू ते चालवत राहिलीस.

दोन कामांच्या मधे तू मुंबईला यायचीस. दोन दिवस मुलुंडला आणि उरलेले आमच्याकडे. आल्या आल्या दोऱ्यांची चौकशी. कुणाच्या किती राहिल्या, कुणी चुकवल्या. नगरकडची माणसं, डोंगरातली माणसं, सगळ्यांच्या गोष्टी तू आईला सांगायचीस आणि आई त्यांच्या तब्येती अशा विचारायची जशी काही ती पलीकडच्या गल्लीत राहतात. तू गेल्यावर आई म्हणायची, पोरगी चालून चालून वाळली. मी म्हणायचे, मग कशाला चालते? एका जागी बसावं. मी बसलेय की.

हे मला टोचायचं, विजू. खरं सांगायचं तर तुझ्या जाण्याचा मला राग नव्हता. मत्सर होता. तू निघू शकत होतीस. निघताना मागे वळून बघायला तुला मुलुंडचं घर होतं, बाबांची पेन्शन होती. मी गोवंडीतून निघाले तर गल्ली म्हणणार, शिकली आणि पळाली. माझं राहणं हे मी कर्तव्य म्हणून मिरवत होते आणि तुझं जाणं चंचलपणा म्हणून तुझ्यावर थापत होते. दोन्ही तितकंसं खरं नव्हतं.

दसऱ्याला तू आलीस ती डोळे पिवळे घेऊन. सातपुड्यातच कावीळ झाली होती, तू ती अंगावर काढलीस. मी शाळा सुटल्यावर घाटकोपरहून उसाचा रस घेऊन मुलुंडला आले. तू पलंगावर, आणि पलंगाखाली हा भोपळा. तुझ्यात उठून बसायची ताकद नव्हती आणि तू मला सांगत होतीस की दिवाळीनंतर शहापूरच्या अलीकडे वीटभट्ट्या सुरू होतात, कातकऱ्यांची कुटुंबं येतात, त्यांच्या पोरांची शाळा घ्यायची कबूल केलंय. चार महिन्यांसाठी. मी म्हटलं, आधी बरी हो, मग आयुष्यभर एकाच ठिकाणी राहा, माणसासारखी.

तू हसलीस. मग विचारलंस, "मंगे, आईच्या सात गाठी कुणी सोडल्या?"

मी म्हटलं, तिनेच.

"मी असते तर कुणी सोडल्या असत्या?"

मला उत्तर माहीत होतं. तू असतीस तर दर रविवारी तू आली असतीस, तुझ्यासमोर तिने सोडल्या असत्या, आणि शेवटची गाठ सुटल्यावर गल्लीने हार तुझ्या गळ्यात घातला असता. तसं झालं नाही. शेवटच्या रविवारी आईने गल्लीतल्या सहा दोरीवाल्यांना बोलावलं, त्यांच्यासमोर गाठ सोडली आणि स्वतःच्या हाताने सगळ्यांना चहा केला. पण मी ते कबूल केलं नाही. मी म्हटलं, "तुला जायला जागा आहे म्हणून तुला हे सुचतं."

तू डोळे मिटलेस. म्हणालीस, "तू एकदा तरी कुठून निघून बघ. मग भांडू."

मी रागाने उठले. दारात पोचले तेव्हा तू म्हणालीस, भोपळा उचलून बघ किती जड आहे, आदिवासी बाईने स्वतःच्या वेलाचा दिलाय. मी म्हटलं, राहू दे तुझा भोपळा तुझ्याकडे. आणि गेले. आपलं शेवटचं बोलणं हे. उसाच्या रसाचा पेलासुद्धा मी उचलून ठेवला नाही. पुढच्या आठवड्यात शाळेत सहामाहीचे पेपर होते, मी म्हटलं, संपले की जाईन. पेपर संपायच्या आत तुला दवाखान्यात नेलं आणि तुझ्या भावाचा शाळेत फोन आला. हेडमास्तरबाईंनी मला वर्गातून बाहेर बोलावलं तेव्हाच मला कळलं.

मी तुझी माफी मागणार नाही, कारण तू ती ऐकून घेतली नसतीस. म्हणाली असतीस, वाट लागली, आता हीसुद्धा रडायला लागली. पण तो भोपळा मी उचलायला हवा होता.

तर परवा तो उचलून आणला. आई दारात बसली होती. पिशवी उघडली, भोपळा बाहेर काढला. तिने दोन्ही हातांनी तो मांडीवर घेतला, वाजवून बघितला. नंतर ती रडली. तुझी बातमी आल्यापासून पहिल्यांदा रडली. गावकरकाकी आल्या, त्याही बसल्या. मी म्हटलं, आपण हा कापू, गल्लीत भाजी करून वाटू, तिच्या नावाने. मला वाटलं, आईला आवडेल.

आई म्हणाली, "ह्यो हितं कापायचा न्हाई. हितलं तिचं झालं. ह्यो पुढच्या गावचा हाय."

मी म्हटलं, अगं, पुढचं गाव आता कुठे? ती आहे का जायला?

काकींनी पोस्टकार्डांचा गठ्ठा माझ्या पुढे सरकवला. सगळ्यात वरचं कार्ड तू गेल्यानंतर मुलुंडला आलेलं. भट्टीवरच्या सोमी नावाच्या बाईने कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं. आम्ही आलो. पोरांच्या शाळेसाठी कूड घातला आहे. ताई कधी येणार. बस्स, एवढंच.

आई माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "तुला सुट्टी हाय न्हवं?"

आहे. दिवाळीच्या सुट्टीचे बारा दिवस उरलेत. मी रात्री नाही म्हटलं, सकाळी नाही म्हटलं. मी भट्टीवर कधी गेले नाही. मला म्युनिसिपालिटीचे फळे-खडू लागतात, हजेरीचा पट माहीत असतो, घंटा होते. मला तुझ्यासारखं कुणाच्याही ओसरीवर बसता येत नाही. आणि त्या बाईला मी काय सांगू? की ताई येणार नाही, ती वारली, तिच्याऐवजी मी आलेय, आणि मीही बारा दिवसांनी जाणार? तुला जे बोलले ते सगळं मलाच लागू पडणार.

काल दुपारी आईने माझी पिशवी भरून ठेवलेली दिसली. तू वाकडे टाके घातलेली ती गोधडी तिने आत घातली होती. वर एक दोरी. बारा गाठींची. मला म्हणाली, रोजची एक. आणि मग, स्वतःशीच हसत, "माझ्यासारख्या येकदम सोडू नगं."

उद्या सकाळी मी निघते आहे, विजू. गल्लीत मला कुणी 'शिकली आणि पळाली' म्हटलं नाही. उलट सकाळपासून दारात बायका येतायत आणि मी त्यांच्याकडे मागतेय. मिरची मागितली, लसूण मागितला, काकींकडे मूठभर तीळ मागितले. मागताना जीभ जड होते, हे तू कधी सांगितलं नव्हतंस. भोपळ्याच्या सालीची तीळ घालून चांगली चटणी होते, असं आई म्हणते. पहिली सुरी मी लावीन, आणि सोमीला तुझ्याबद्दल सांगेन ते त्यानंतर, तिच्या हातात घास असताना.

भोपळा आत्ता पुन्हा उचलून बघितला. जड आहे गं. तू म्हणाली होतीस तेवढाच.

अकरा गाठी मी सोडीन. बारावी तिथे कुणाच्या तरी हातात ठेवून येईन, आणि निघताना चटणीला काहीतरी मागून घेईन.